उलट बाजूचे रंग

रंग पुसायचं फडकं पुन्हा गायब झालं होतं!

लेक झोपली की जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा सुनेचा होई. शर्टाच्या आत पुठ्ठा सरकवायचा, कापड ताणून चिमटे लावायचे आणि गिऱ्हाइकांसाठी कुणाच्या फ्रॉकवर पोपट, कुणाच्या शर्टावर होड्या रंगवायच्या. ब्रश पुसायला जुन्या चादरीचा तुकडा असे. तो रंगांनी भरला, की नाहीसा!

"चिमणे, तू घेतलंस?"

"मी नाही. उंदीर चित्रं काढत असेल," लेक गंभीरपणे म्हणाली.

नवरा म्हणाला, "मला माझे मोजे सापडत नाहीत, तुझं फडकं कुठून सापडणार?"

मटार सोलणाऱ्या सासूबाई मात्र लगबगीने उठल्या. "एवढं काय त्यात! दुसरं देते फाडून."

सासूबाई निवृत्त नर्स. रविवारी रुग्णालयातल्या जुन्या मैत्रिणी भेटणार होत्या. सुनेने त्यांच्यासाठी हौसेने सुती शाल रंगवली. पांढुरकी, काठाला राखाडी पानं.

"वहिनी, झकास! आईच्या वयाला शोभेल अशीच," नणंद म्हणाली.

"छान आहे हो," म्हणत सासूबाईंनी शालीची घडी घातली. अंगावर घेऊन पाहिलीसुद्धा नाही. सुनेच्या मनाला ते लागलं. काय चुकलं असेल?

शनिवारी ती इस्त्रीला बसली. रंगवलेलं कापड उलटं करून इस्त्री करायची, म्हणजे रंग पक्का बसतो. हाताला तीच सवय. सासूबाईंचं राखाडी जाकीटही तिने उलटं केलं.

"अगंबाई!"

आतून सगळी तिची फडकी! पोपटांचा हिरवा, होड्यांचा निळा, मधेच हळदीसारखा पिवळा. बारीक टाके घालून शिवलेलं रंगीबेरंगी अस्तर!

सासूबाई दारात उभ्या होत्या. "सापडला म्हणायचा उंदीर," त्या ओशाळून म्हणाल्या.

"पण आई, आतून का?"

"बाहेरून कोण घालू देतंय? नोकरीभर पांढरा युनिफॉर्म. तो सुटला, वाटलं आता हवं ते घालू. तेवढ्यात तुझे सासरे गेले. मग लेकीने पांढुरकं आणलं, लेकाने राखाडी. प्रेमानेच आणलं हं! प्रेमाने आणलेल्याला नको कसं म्हणायचं?"

"मग मला सांगायचंत ना!"

"तू विचारलंस कधी? गिऱ्हाइकाला विचारतेस, पोपट हवा की होडी. चिमणीलाही विचारतेस. माझं मात्र ठरवूनच आणतेस." त्या शेजारी टेकल्या. "रुग्णालयात रोज बघायची मी. म्हातारं माणूस टक्क जागं असायचं, आणि सगळे त्याच्या लेकाला विचारायचे, 'यांना कुठं दुखतंय?' मी वाकून त्यांनाच विचारायची, 'तुम्ही सांगा.' निम्मं दुखणं तिथंच उतरायचं बघ."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने झटकन शाल पसरली, बाटल्या काढल्या. "थांबा, छान गुलाबी फुलं काढते."

"गुलाबी? ई! परत तूच ठरवलंस!"

दोघी खळखळून हसल्या. सुनेने ब्रश खाली ठेवला.

"काय काढू, आई?"

सासूबाईंनी बाटल्यांवरून बोट फिरवलं. हा प्रश्न ऐकायची सवयच मोडली होती. मग हळूच म्हणाल्या, "बेडूक. केशरी."

"बेडूक?"

"मैत्रिणी मला बेडकी म्हणायच्या. वसतिगृहाच्या खिडकीतून उडी मारून सिनेमाला पळायची मी!"

धावत आलेल्या चिमणीने तर टाळ्याच पिटल्या. राखाडी पानांवर केशरी बेडूक उड्या मारू लागले. शेवटचा बेडूक सासूबाईंनी स्वतः काढला. जरा वाकडाच, पण सगळ्यांत उंच उडणारा!

रविवारी नणंद आली आणि दारातच थबकली. "आई! या वयात बेडूक?"

"मग कोणत्या वयात काढायचे?" सासूबाईंनी विचारलं.

नणंदेने आईकडे नीट पाहिलं. मग जवळ जाऊन शालीचं टोक सारखं केलं आणि विचारलं, "आई, तुला आणखी कोणता रंग आवडतो गं?"

सासूबाई निघाल्या. रुग्णालयाच्या फाटकाशी पोचल्या मात्र, पलीकडून एकच आरोळी उठली, "बेडके!"

मंडळी, आपल्याही घरात कुणासाठी तरी आपण प्रेमाने रंग ठरवून आणत असू. वय वाढलं म्हणून आवड मरत नाही. ती उलट बाजूला जाऊन बसते. तिला सुलट करायला फार काही लागत नाही. समोर बसायचं आणि विचारायचं, तुम्हाला काय आवडेल?

त्या घरातलं फडकं आता टेबलावरच असतं. ते पुन्हा कधी गायब झालं नाही.