बुधाजीचे फडके

मित्रांनो, चंद्र-चांदण्या दाखवणाऱ्या दुर्बिणी वेगळ्या आणि मी वेगळी. मी बंदुकीच्या पाठीवर बसणारी जुनी दुर्बीण आहे. वीतभराहून थोडी लांब नळी, दोन टोकांना काचा आणि आत एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक रेघा, एवढाच माझा पसारा. दूरची वस्तू मी चौपट जवळ आणते. चौपट म्हणजे चौपटच, तिप्पट नाही आणि पाचपटही नाही. माझ्या अंगावर फिरवायचे कडे नाही की आकडे नाहीत. जन्माला आले तशीच मी राहिले आणि या हट्टी स्वभावाचा मला एके काळी फार अभिमान होता.

माझा जन्म जर्मनीतल्या एका लहान कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या काचा कितीतरी दिवस घासल्या. मग एका गोऱ्या अधिकाऱ्याने मला हिंदुस्थानात आणले. देश सोडून जाताना त्याने मला बंदुकीसकट अमरावतीच्या हरिहर वकिलांना देऊन टाकले. वकिलांना शिकारीचा भारी नाद. कोर्टाला सुटी लागली की ते मोटार काढून हिवरखेड गाठायचे आणि रीतसर परवाना घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी चितळांच्या मागे जायचे. चितळांचे कळप खाली उतरून हरभरा फस्त करीत, म्हणून गावालाही वकील हवेच असत. शिकार ही काही पुण्याची गोष्ट नाही, हे मला कळते. पण मी बारा वर्षे ते काम केले आणि चांगले केले. वकील पाहुण्यांना सांगत, "हिच्यातून पाहिले की रान आपलेसे वाटते." ते ऐकून मी फुगून जाई.

हिवरखेडचा जानराव हा वकिलांचा वाटाड्या होता. ओल्या मातीतल्या खुरावरून तो जनावर केव्हा गेले ते सांगायचा. बुधाजी हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघे १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. त्यानंतर बुधाजीने मांस सोडले आणि बंदुकीला हात लावणेही सोडले. हाक्याला मात्र तो येत राहिला. वकील त्याला चिडवत, तेव्हा तो म्हणे, "मी मारत नाई सायेब, मी हुसकावतो. चितळ हुसकलं नाई तं हरभरा कोनाच्या घरी येईन?" वकील हसत. बुधाजी हसत नसे, कारण तो आपल्या परीने खरेच बोलत असे.

हाका म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवे. वीस-पंचवीस माणसे रानाच्या एका टोकाकडून आरडाओरडा करीत, डबे वाजवीत येतात. जनावर घाबरून दुसऱ्या टोकाकडे पळते. तिथे झाडावर मचाण बांधून शिकारी बसलेला असतो. जनावर वाटेत भलतीकडे वळू नये म्हणून आजूबाजूला दोन-तीन माणसे झुडपाआड बसवतात. त्यांना 'रोक' म्हणतात. जनावर जवळ आले की रोक काठीने लाकूड ठोकून त्याला मचाणाच्या दिशेने वळवतो. बुधाजी रोक होता. रोकाने आपल्या शेजारच्या फांदीला डोक्याएवढ्या उंचीवर पांढरे फडके बांधायचे, हा तिथला नियम. इथे माणूस आहे, इकडे बार टाकू नका, एवढाच त्या फडक्याचा अर्थ. रोकाने जागा बदलली तर फडकेही सोडून नव्या जागी बांधायचे. बुधाजीचे फडके दीक्षेला नेसून गेलेल्या धोतराचे होते. ते जुने झाल्यावर त्याच्या बायकोने, केशरबाईने, आपल्या हाताने फाडून त्याला दिले होते.

दुसराही एक नियम होता. मचाणावर बोलायचे नाही. एकदा जानरावाने वकिलांच्या कानाशी काही कुजबुजले आणि हातातोंडाशी आलेले चितळ उधळले. वकिलांनी खाली उतरल्यावर सगळ्या हाकेवाल्यांसमोर त्याला झापले, "पुन्हा मचाणावर तोंड उघडलेस तर माझ्याबरोबर येऊ नकोस." हाकेवाले हसले. जानराव मानी माणूस. त्याला ते हसणे फार लागले.

१९६३च्या दिवाळीत माझी सवत आली. वकिलांचा मेहुणा कमलाकांत अमेरिकेहून परतला, तो नवी दुर्बीण घेऊन. तिच्यावर एक कडे होते आणि कड्यावर तीनपासून नऊपर्यंत आकडे. "भाऊजी, कडे फिरवा, की डोंगरावरचे हरीण तुमच्या अंगणात!" तो म्हणाला. वकिलांनी ओसरीवरून दूरच्या देवळाचा कळस पाहिला, कडे फिरवले, पुन्हा पाहिला, आणि लहान मुलासारखे खूश झाले. त्यांच्या पत्नी रमाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, एका बंदुकीवर दोघी कशा नांदणार?"

जानराव त्या दिवशी परवान्याच्या कागदासाठी अमरावतीला आला होता. वकिलांनी त्याला दोघींतून पाहायला लावले आणि विचारले, "बोल, कोणती घ्यावी?"

जानरावाने दोघींना पुन्हा एकदा डोळ्याला लावले. "सायेब, नवीत चितळाच्या पापण्या दिसतीन. पन जुनीत चितळ दिसते आन त्याच्या बाजूचं रान बी दिसते. हाक्यात जनावर पन्नास पावलांवर येते. तिथं पापण्या पाहून काय करता?"

"मग कडे तीनवर आणायचे. त्यात काय अवघड आहे?"

"आनलं तं ठीकच हाय. पन जनावर समोर आल्यावर ते आनाचं ध्यान राह्यलं पाह्यजे ना."

मित्रांनो, चौपट आणि नऊपट यांतला सगळा फरक त्या माणसाने दोन वाक्यांत सांगितला होता. जितके जवळ आणावे तितके आजूबाजूचे कमी दिसते. नऊपटीच्या गोलात पन्नास पावलांवरचे चितळ पुरते मावतसुद्धा नाही. पण नव्याचे नऊ दिवस, आणि वकिलांचा तर पहिलाच दिवस होता. त्यांनी माझे स्क्रू काढले आणि मला जानरावाच्या हातात ठेवले. "घे, तुझी लाडकी तूच सांभाळ. मचाणावर बसून पाहायला होईल." जानरावाने मला सुतळी बांधून गळ्यात अडकवले. मी रुसले होते. कोणाचे बरेवाईट व्हावे असे मात्र मी कधी चिंतले नव्हते.

जानेवारीत हाका ठरला. वकील आणि जानराव सकाळीच मचाणावर चढले. वकिलांनी आधी नियमाप्रमाणे फडकी मोजली. तीन रोक, तीन फडकी. मग समोरच्या डोंगरउतारावर काही हलल्यासारखे वाटले, म्हणून त्यांनी कडे नऊवर नेले. ते नुसते दगड होते. तेवढ्यात हाका सुरू झाला आणि कडे नऊवरच राहिले.

चितळे नाल्याच्या काठाने खाली सरकू लागली. ती निसटू नयेत म्हणून बुधाजीने वरची जागा सोडली. तो तीस पावले खाली आला, पळसाच्या फांदीला त्याने फडके बांधले आणि झुडपामागे बसून काठी ठोकली. मोठ्या शिंगांचा एक नर वळला आणि नेमका त्या पळसापुढे येऊन थांबला.

वकिलांच्या गोलात फक्त चितळाचा खांदा होता. माझ्या गोलात सगळे चितळ होते, त्यामागचे झुडूप होते आणि उजवीकडे, दोन हातांवर, पांढरे फडके होते. मी जानरावाच्या डोळ्याला होते. त्याचा श्वास माझ्या काचेवर आला. शब्द आला नाही. मग त्याने वकिलांच्या खांद्याकडे हात नेला, आणि तो पोचायच्या आत बार झाला.

गोळी चितळाच्या अंगातून आरपार गेली.

जानराव मचाणावरून उडी मारून धावला. मी त्याच्या छातीवर आपटत होते. बुधाजी झुडपामागे कुशीवर पडला होता. रक्त थांबवायला जवळ दुसरे काही नव्हते, म्हणून जानरावाने फांदीवरचे फडके ओढून काढले आणि जखमेत दाबले. बुधाजीने डोळे उघडले. "जानराव, मी बांधलं होतं ना रे?"

"होतं, बावा. होतं बांधलेलं."

हाकेवाल्यांनी बुधाजीला उचलून गाडीत घातले आणि ते त्याला घेऊन निघाले. बैलगाडी गावाच्या शिवेवर पोचायच्या आधीच तो गेला.

जानराव आणि त्याच्या गळ्यातली मी मागेच राहिलो होतो. हरिहर वकील पळसाखाली डोके धरून बसले होते. ते रडले, हे मी पाहिले आहे. पण थोड्या वेळाने त्यांच्यातला वकील जागा झाला. नव्या दुर्बिणीचे कागदपत्र नव्हते आणि कडे नऊवर का होते याला उत्तर नव्हते. त्यांनी मला जानरावाच्या गळ्यातून काढून घेतले. "जानराव, बंदूक धर." जानरावाने धरली. वकिलांनी सवतीला उतरवले, मला बसवले, स्क्रू आवळले आणि बंदूक पुसायच्या तेलकट चिंधीने माझी पुढची काच चोळली. अशा तऱ्हेने मला आंधळे करण्यात आले. दिवाळीपासून ज्या जागेसाठी मी झुरले, ती मला परत मिळाली होती. मला तिची किळस आली.

चौकशी झाली. वकिलांनी जबानी दिली की बुधाजी आपली जागा सोडून खाली आला, फडके त्याने बांधलेच नव्हते, ते खांद्यावरच होते, आणि जुन्या दुर्बिणीत नीट दिसत नव्हते. चौकशीच्या साहेबांनी मला डोळ्याला लावले. काच धूसर होती, तसे त्यांनी लिहिले. बाकीचे दोन रोक लांब होते. उरला एकटा जानराव.

"फडकं फांदीवर होतं का?" साहेबांनी विचारले.

"मले दिसलं नाई," जानराव म्हणाला.

तो असे का म्हणाला, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तो वकिलांना भीत होताच. पण फडके दिसले होते असे म्हटले असते, तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तू बोलला का नाहीस? त्या प्रश्नाला तो जास्त भीत होता.

केशरबाई मागे उभी होती. ती ओरडली, "खोटं हाय! माह्या मालकानं फडकं बांधलं नाई असं होऊच शकत नाई. मी सोता फाडून देल्लं होतं!" तिला गप्प बसवण्यात आले. अपघात ठरला, आणि चूक मेलेल्याची ठरली.

वकिलांनी पुढे शिकार सोडली. सवत कुठे गेली, मला ठाऊक नाही. मला घरात ठेवणे त्यांना नको होते, म्हणून त्यांनी मला जानरावाकडे पाठवून दिले. जानरावाने मला चिंधीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी टाकले. काचेवरच्या तेलाला धूळ चिकटली. तिथे मी दोन वर्षे पडून होते.

गावात मात्र बुधाजीचे नाव गाजत होते. कोणी बैल सोडायचा विसरला, कोणी चुलीवर दूध विसरली, की लोक म्हणत, "झालं का बुधाजीचं फडकं!" एकदा जानराव विहिरीवर गेला असताना बुधाजीची मुलगी ललिता तिथे बादली विसरली. बरोबरच्या पोरी ओरडल्या. ललिताही हसत परत आली आणि सवयीने म्हणाली, "जाऊ द्या वो, बुधाजीचं फडकं!" आपण कोणाचे नाव घेतले, हे तिच्या ध्यानातही आले नाही. जानरावाने भरलेली घागर तिथेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन केशरबाईच्या अंगणात गेला. त्याने धोतराच्या सोग्याने माझी काच पुसली, पुन्हा पुसली, राख लावून तेल काढले. माझ्या काचेवर त्याने ओरखडे पाडले, पण मला दिसू लागले. मग त्याने पन्नास पावलांवरच्या बाभळीला आपला रुमाल बांधला आणि परत येऊन मला केशरबाईच्या हातात दिले. "पाहा वयनी."

तिने पाहिले. "रुमाल हाय."

"त्या दिशी बी असंच दिसलं होतं. फडकं बांधलेलं होतं. मीच सोडलं ते, रक्त दाबाले."

केशरबाईने मला डोळ्यावरून काढले नाही. "एवढं साफ दिसत होतं?"

"हो."

"आन तुमी बोल्ले नाई."

जानरावाने हात जोडले. तो म्हणाला, "माफ करा वयनी."

"मले काहून सांगता, भाऊ? मले तं पह्यल्या दिशीपासूनच ठाऊक होतं. ज्याइच्यासमोर नाई म्हनलं, त्याइच्यासमोर जाऊन हो म्हना."

"जातो," जानराव म्हणाला. या गोष्टीला तीन वर्षे होत आली. तो गेलेला नाही. मला त्या घरी ठेवून तो निघाला, आणि पुढच्याच आठवड्यात अकोल्याला गिरणीत कामाला लागला असे ऐकले. गावात अजूनही कोणी काही विसरले की तेच शब्द ऐकू येतात.

मित्रांनो, मी आता केशरबाईच्या कोनाड्यात असते. शाळेतली मुले मला बघायला येतात आणि विचारतात, चौपटीची दुर्बीण बरी की नऊपटीची? पूर्वी मी छाती पुढे काढून सांगितले असते, चौपटीची, आणखी कोणती! आता माझी जीभ रेटत नाही. काचेला तेल लावू नका, मऊ कापडाने पुसा, कडे असेल तर वेळेवर मागे आणा, हे सगळे मी सांगेन. पण त्या दिवशी मचाणावर एक नजर अशीही होती जिला सगळे दिसले होते. ती माझी नजर होती आणि जानरावाची होती. तरीही बुधाजी मेला. तुम्हाला कधी असे काही दिसले, तर कोण रागावेल याचा विचार करत बसू नका. जोरात ओरडा.