खांबाजवळची जागा

"सहा," वल्लरी पुटपुटली.

मधल्या चौकातल्या मुलाला सहाव्यांदा खो मिळाला होता. तिच्या ओवीला एकदाही नाही. सात वर्षांची ओवी रांगेच्या टोकाला, खांबाशेजारी बसून बोटानं चुन्याची रेघ उकरत होती.

धायरीच्या त्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलांना खो-खो फुकट शिकवत. फुकट, हीच वल्लरीची पहिली शंका. दुसरी शंका गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती. पूर्वा, इयत्ता दहावी. मोठ्या मुलांनी लहानांची तुकडी सांभाळायची, हा मैदान चालवणाऱ्या सीतारामकाकांचा नेम. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. "पोरांच्या हातात शिट्टी दिली की पोरं शहाणी होत्यात," ते म्हणत. किंवा शेफारतात, असं वल्लरीला वाटे.

पहिल्याच दिवशी तिनं चौकशी केली होती.

"दहावीचं वर्ष ना गं तुझं? अभ्यास कधी करतेस?"

"सकाळी, काकू."

काकू! वल्लरीला नुकतं कुठे एकतिसावं लागलं होतं.

"आणि यातनं तुला काय मिळतं?"

पूर्वानं जरा विचार केला. "शिट्टी," ती म्हणाली आणि हसली.

ते हसणं काही वल्लरीला पटलं नाही. तेव्हापासून ती रोज पायरीवर ठाण मांडून बसे. ओवीला कायम खांबाजवळचाच चौक. शिवाय मुलं पाणी प्यायला थांबली की पूर्वा ओवीच्या मागे जाऊन काहीतरी कुजबुजे, कधी या खांद्यामागून, कधी त्या. मग वहीत काहीतरी टिपून ठेवी. लहान पोरीशी एवढं काय कुजबुजायचं असतं?

"काय सांगते गं ती ताई तुला?" घरी तिनं विचारलं.

ओवी चित्र रंगवत राहिली.

"ओवी! अगं किती वेळा विचारायचं? लक्ष कुठे असतं तुझं?"

"अं? गंमत आहे आमची. सांगायची नाही."

तिचा नवरा सलिल हिंजवडीहून दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून नुकताच घरी आला होता. त्याला तिनं सगळं सांगितलं.

"पंधरा वर्षांची पोरगी आहे ती," तो बूट काढत म्हणाला. "हेर नाही."

"तुझं आपलं बरं आहे. तू काही बघतच नाहीस."

तिनं काकांना लांबलचक मेसेज पाठवला. लहान मुलांवर जबाबदार व्यक्ती नेमावी. कुजबुजण्याचा खुलासा व्हावा. अन्यथा ओवी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी शिट्टी काकांच्या खिशात होती. पूर्वा चुन्याच्या रेघेबाहेर उभी होती.

"तुमच्या तक्रारीचा निकाल लागेस्तोवर आत यायचं न्हाई, सांगितलंय तिला," काका म्हणाले. "तुमचं बरोबर हाय ताई. आईनं इचारायलाच पायजे. मी बी इचारलं. तर तिनं ही वही दिली."

वल्लरीनं उभ्याउभ्याच वही उघडली.

'ओवी. उजवीकडून कुजबुजले: मांजर, म्हैस, कोंबडा. तिनं तिन्ही आवाज काढले. डावीकडून काहीच नाही. वळलीपण नाही. उद्या परत बघणे.'

पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. अकरा दिवस. शेवटी लिहिलं होतं, 'खांबाजवळच बसवत राहणे. डावीकडे खांब येतो, म्हणजे सगळी मुलं तिच्या चांगल्या कानाकडे. काकूंना सांगणे. कसं?'

'कसं' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"अहो, काहीतरीच काय!" वल्लरीचा आवाज चढला. "सगळ्या लसी वेळच्या वेळी दिल्यात मी. डॉक्टरांकडे मी नेते. मला कळलं नसतं?"

"हाक मारून बघा की," काका शांतपणे म्हणाले.

ती तरातरा आत गेली आणि ओवीच्या डाव्या खांद्यामागे उभी राहिली. पलीकडे मुलांचा गलका चालला होता. तिनं हळूच हाक मारली.

"ओवी."

ओवीचं बोट रेघ उकरत होतं.

"ओवी..."

गेल्याच आठवड्यात, ओ देत नाही म्हणून, वल्लरीनं तिला धपाटा घातला होता. तेव्हाही ती अशीच, याच बाजूला उभी होती.

रेघेच्या बाहेर, रेघेला अगदी अंगठे टेकवून पूर्वा उभी होती. तिचा हात सवयीनं छातीशी गेला आणि रिकामाच खाली आला.

"काकू," ती म्हणाली, "या बाजूनं मारा हाक. उजवीकडनं."

वल्लरी खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. खाली वाकली. "ओवी," तिनं आधीइतक्याच हळू म्हटलं.

ओवीनं झटकन मान वळवली. आईला पाहून आधी हसली, मग एकदम गंभीर झाली.

"आई, तू आत कशी आलीस? रेघ ओलांडायची नसते. ताईला विचारलंस?"

ताई अजून रेघेबाहेरच उभी होती.