खोकी वाढली की

"ही घसरण आहे, मंदी नव्हे!" डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर तेजीकाका शेजारच्या माणसाला समजावत होते. "मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. कोणाचा माल खपतोय, ते पेपरवाल्यांच्या आधी आम्हाला कळतं. औषधवाल्यांनी यंदा दुप्पट खोकी मागवलीत. मग बाजार पडला म्हणून मी कशाला रडू?"

शेजाऱ्याच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे बिचाऱ्याला पळताही येत नव्हतं. तो नुसता हं हं करत होता.

ज्या कंपनीची खोकी वाढतात तिचे शेअर घ्यायचे आणि विसरून जायचे, हा काकांचा शिरस्ता. पोटाला चिमटा काढून घेतलेले शेअर त्यांनी आजवर विकले नव्हते. बाजार कोसळला की ते बायकोला बजावत, "आत्ता विकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. थोडं थांबलं की सगळं परत वर येतं." तीही मन लावून ऐकायची. घरात तेवढी एकच श्रोती होती.

सकाळी ती जिन्यात धडपडली, म्हणून ते तिला घेऊन आले होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

डॉक्टरबाईंनी तपासणी संपवली आणि सरळच सांगितलं. "काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाय. उजवा वाचवायचा प्रयत्न करू."

"गेलाय म्हणजे? ऑपरेशन करा ना! मी आजच शेअर विकतो."

"गेलेली नजर ऑपरेशनने परत येत नाही, काका. दोन वर्षांपूर्वीच मी यांना म्हटलं होतं, थांबू नका."

काका बायकोकडे वळले.

"तू इथे आली होतीस?"

"ताईबरोबर. तेव्हा बाजार पडला होता तुमचा."

"अगं, मग सांगायचंस तरी! मी विकले नसते का?"

"विकले असते. लगेच विकले असते. म्हणून तर नाही सांगितलं." ती पदराशी चाळा करत राहिली. "दुखत नव्हतं हो काही. आणि तुम्हीच म्हणता ना, थांबलं की सगळं परत वर येतं. मला वाटलं, डोळाही येईल."

डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या. काकांना बायकोचा संताप आला, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. रोज तिच्यासमोर बसून जेवणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं.

बाहेर येऊन दोघं बाकावर टेकली. काकांनी औषधांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. तिने मान पार वळवली आणि विचारलं, "अहो, आहात ना?"

काका उठले आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.