हिरव्या सेलचा हेवा

मित्रांनो, तुमच्या करंगळीशेजारी मला उभं केलंत, तर आपण दोघं जवळजवळ सारखेच भरू. माझ्या अंगावरचा हिरवा रंग कडेकडेनं उडाला आहे. मी एक जुना पेन्सिल सेल आहे. संपला की टाकून द्यायचा नाही, पुन्हा चार्ज करायचा, अशा जातीचा. यवतजवळ हमरस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या खोलीत, भिंतीवरच्या घड्याळात माझा मुक्काम असतो. माझी हकीकत मी सांगतो, पण आधीच एक सांगून ठेवतो. मी स्वभावानं हेवेखोर आहे. कुणा साधुपुरुषाची गोष्ट ऐकायला मिळेल, अशी आशा धरू नका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फार आठवत नाही. पत्र्याच्या नळीत एक पट्टी गुंडाळून बसवली गेली, वरून तोंड बंद झालं, अंगावर हिरवा अंगरखा चढला आणि मी भावंडांबरोबर खोक्यात गेलो. खोकं पुण्याच्या एका दुकानात आलं, आणि तिथून सुलक्षणाताईंच्या पिशवीत.

सुलक्षणाताई म्हणजे पोपटराव आबांची थोरली सून. आबांचा कालव्याचं पाणी लागणारा एक तुकडा पेरूच्या बागेला लागून आहे. त्या तुकड्यात ताईंनी पेंटबॉलचं मैदान काढलं होतं. जुने टायर, पिंपं आणि कडब्याच्या पेंढ्या रचून आडोसे केलेले. माणसं त्यांच्यामागे लपतात आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारतात. गोळी फुटून अंगावर डाग पडला, की तो गडी बाद. बंदुकीच्या डोक्यावर गोळ्यांचा डबा असतो, त्याला इथं सगळे लोडर म्हणतात. लोडरमध्ये एक चिमुकली मोटर गोळ्या खाली ढकलत राहते. ती मोटर फिरवायचं काम माझं आणि माझ्या दोन जोडीदारांचं.

आम्ही येण्याआधी तिथं वापरून फेकायचे सेल होते. काळ्या अंगाचे, सोनेरी टोपीचे. ताईंच्या धाकट्या दिरांना, रविराजना, तेच पसंत होते. संपला की फेकला, नवा घातला, डोक्याला ताप नाही, असं त्यांचं म्हणणं. पण ताईंना एकदा पेरूच्या आळ्यात तसला एक सेल सापडला होता. फुगलेला, पांढरी भुकटी सुटलेला. तेव्हापासून त्यांचं मन धजेना.

"पेरू आपण तोंडानं खातो, भावजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या होत्या.

"आन् ऐन खेळात ह्ये हिरवे बसले मंजी? गिऱ्हाईक आपल्या तोंडाकडं बघत बसंल."

शेवटी तडजोड झाली. रोजच्या खेळाला आम्ही, आणि अडीनडीला म्हणून सोनेरी टोपीवाल्यांची पाकिटं कपाटात. कपाट काचेचं होतं. माझ्या हेव्याचं मूळ त्या काचेत आहे.

तुम्हीच सांगा. राबायचं आम्ही आणि मिरवायचं त्यांनी. आम्ही धुळीत, उन्हात, गोळ्यांच्या खडखडाटात दिवस काढायचा. ते देवाच्या तसबिरीशेजारी पाकिटात पडून राहायचे. तरी आलेला माणूस कपाटाकडे बोट करून म्हणायचा, "आमच्या बंदुकीत ते नवे टाका की." रविराजही मान डोलावायचे, आणि हिरव्यांत जरा दम कमीच, असं आमच्यादेखत बोलायचे. खोटं नव्हतं ते. त्यांचा जोर दीड व्होल्टचा आणि आमचा सव्वाच्याही खाली. शिवाय आम्ही नुसते बसून राहिलो तरी हळूहळू रिकामे होतो. त्यांना मात्र पाकिटात ठेवलं की दोन-दोन वर्षं कुणी विचारायला नको. देवानं एकाला इतकं द्यावं आणि दुसऱ्याला हात आखडून, हे पाहिलं की माझ्या आतली गुंडाळलेली पट्टी पिळवटून निघायची.

माझ्याजवळ एकच मोठेपण होतं, ताईंचा नेम. रोज खेळ आटोपला, की त्या हातपाय धुऊन यायच्या. देवापुढे दिवा लावायच्या आणि मग आम्हाला एकेक करून लोडरमधून काढायच्या. कोरड्या फडक्यानं दोन्ही टोकं पुसून चार्जरमध्ये बसवायच्या. ओठात नामस्मरण चाललेलं असायचं. चार्जरचा लाल दिवा लागला की त्या मान हलवून उठायच्या. रिकामं व्हावं आणि पुन्हा भरावं, हाच माझाही नेम झाला होता. पण मन किती खोटं असतं बघा. त्याच फडक्याची दुसरी बाजू त्या कपाटाच्या काचेवर फिरवायच्या, तेवढंही मला सोसायचं नाही.

आबांना हा सगळाच खेळ मान्य नव्हता. पाण्याखालचं रान मोठ्या माणसांनी लपाछपी खेळायला द्यायचं, हे त्यांना पटेना. पण सुनेचा शब्द त्यांनी एकदम मोडला नाही. दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर मैदानाचं बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर त्या तुकड्यात उसाची लागण. बेणंही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

ताईंचा भरवसा एका दिवसावर होता. रांजणगावच्या एका कारखान्यातली मंडळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सहलीला यायची होती. तेवढा एक दिवस आबांनी वाढवून दिला होता. त्यांना खेळ आवडला, तर कारखान्यातल्या बाकीच्या खात्यांच्या सहलीही हिवाळाभर इथंच येणार होत्या. नाही आवडला, तर टायर-पिंपं उचलायची आणि उसासाठी सऱ्या पाडायच्या. हे ताईंनाही ठाऊक होतं आणि मलाही.

अष्टमीला ताईंनी आम्हाला काठोकाठ भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी या घरात विळा, कोयता, कुऱ्हाड, पाने-पक्कड, फवारणीचा पंप असं सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतात आणि पूजा करतात. यंदा ताईंनी बंदुकाही मांडल्या. लोडर मांडले, चार्जर मांडला. आम्ही सगळे हिरवे सेल एका ताटात ओळीनं उभे राहिलो आणि पलीकडे सोनेरी टोपीवाल्यांची पाकिटं. नऊ दिवसांच्या उपासानं ताईंचा चेहरा उतरला होता, पण हात स्थिर होता. त्यांनी ओलं हळद-कुंकू बोटावर घेतलं आणि आमच्या प्रत्येकाच्या डोक्यावर, अगदी त्या उंचवट्यावर, ठसठशीत टिळा लावला. चार्जरच्या खाचांनाही बोट लावलं.

पाकिटांची पाळी आली तेव्हा कुंकू प्लास्टिकवर लागलं. आतल्यांच्या अंगाला शिवलंसुद्धा नाही.

मित्रांनो, तो आनंद मी काय सांगू! माझा टिळा कपाळावर, त्यांचा अंगरख्यावर. काचेच्या कपाटाचा, दीड व्होल्टचा, सगळा हिशेब त्या क्षणी फिटला असं मला वाटलं. पूजेला मांडलेली हत्यारं दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत हलवायची नाहीत, अशी या घरची रीत आहे. त्यामुळे आम्ही तसेच ताटात राहिलो. माझा टिळा वाळून खडखडीत झाला, तसा मी आणखीच ताठ झालो.

सहलीच्या दिवशी सकाळी रविराजनी आम्हाला लोडरमध्ये बसवलं. बटण दाबलं. मोटर हलली नाही. दुसरा लोडर घेतला, तोही गप्प. त्यांनी आम्हाला चार्जरमध्ये घातलं, तर लाल दिवाही लागेना. मी आतून पुरता भरलेला होतो. सगळा जोर लावत होतो, पण माझ्या डोक्यावरून पलीकडे काही जाईचना.

"वहिनी, गेले ह्ये," रविराज आम्हाला पुन्हा ताटात टाकत म्हणाले. "तवाच सांगत होतो."

फाटकातून गाडी आत येत होती.

पाकिटं फाडल्याचा आवाज मी ताटातून ऐकला. सोनेरी टोपीवाले एकेक करून आमच्या जागेवर जाऊन बसले आणि साऱ्या मोटरी घुर्र करून उठल्या. बाहेर हसणं, पळापळ, गोळ्यांची तडतड. ज्या घरात मी राबलो त्या घरात पाहुणे शिरले होते आणि घरधनी ताटात उताणा पडला होता. असला जळफळाट मला आयुष्यात पुन्हा झाला नाही. ते बंद पडावेत, अशी मी प्रार्थना केली. मनापासून केली.

दुपारची जेवणं झाली आणि पुन्हा खेळ सुरू झाला, तेव्हा लोडर धापा टाकू लागले. दोन उन्हाळे पत्र्याखालच्या कपाटात तापून त्या सेलचा जीव आधीच अर्धा झाला होता. तेवढं कुणी पाहिलंच नव्हतं. गोळ्या अडकू लागल्या. रविराज मोटरसायकल घेऊन यवतला गेले. मिळाले ते घड्याळाचे आणि रिमोटचे हलके सेल. ते घातल्यावर मोटर कण्हली आणि थांबली. पाहुणे सावलीत जाऊन मोबाईल बघत बसले.

त्यांच्याबरोबर पूनम म्हणून एक बाई होत्या, सहल त्यांनीच ठरवलेली. त्या ताईंजवळ आल्या. जेवण फार छान होतं म्हणाल्या. मग जरा अवघडून म्हणाल्या, "खेळाचं आता राहू द्या. आम्ही थोड्या वेळात निघतो. पुढच्या सहलींचं बघू, दुसरीकडे कुठं जमतंय का."

माझी प्रार्थना फळली होती. पण ताईंकडे पाहिलं आणि मला ती परत घ्यावीशी वाटली.

आबा खोलीच्या दाराशी बाजेवर बसून सगळं ऐकत होते. ताई आत आल्या आणि आमचं ताट उचलून ठेवायला लागल्या. ताट उचलताना मी कडेला घरंगळलो. त्यांनी मला धरलं, आणि बोटाला माझ्या डोक्यावरची खपली लागली. त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, चार्जरच्या खाचेत पाहिलं. मग त्यांनी फडकं घेतलं आणि हात तसाच अधांतरी राहिला.

"काय गं?" आबांनी विचारलं.

"ह्यांच्यावर कुंकू वाळलंय, आबा. त्याच्यामुळं करंट जात न्हाई. सेल चांगले हायती." आणि मग अगदी हळू, "पण पूजेचं कुंकू पुसू कसं? तेबी मी, माझ्या हातानं?"

मित्रांनो, आबा त्या वेळी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गप्प राहिले असते, तर आठवड्यात त्या तुकड्यात ऊस लागला असता. ते बाजेवरून उठले.

"बैलाच्या कपाळाचं कुंकू घामानं जातंच की," ते म्हणाले. "म्हणून काय त्यो वावरात जायचा ऱ्हातो? तुला नको वाटत असंल तर आण हिकडं. मी पुसतो."

त्यांनी धोतराचा सोगा बोटावर घेतला आणि पहिल्यांदा मलाच उचललं. हात राठ होता. दोनदा घासलं, तिसऱ्यांदा नखानं खपली काढली. तो ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे. मग बाकीच्यांना. त्यांना पुसताना ते माझ्यापेक्षा जरा हळू पुसत होते, हे मी टिपून ठेवलं.

रविराजना अजून भरवसा नव्हता. एखादा सोनेरी सेल आमच्यात घालून बघू, जोर येईल, असं त्यांनी सुचवलं. ताईंनी त्यांना अडवलं. भरलेला आणि अर्धमेला एका लोडरात जुंपला, तर दोघंही वाया जातात, असं त्यांनी सांगितलं. मग रविराजनी आम्हा तिघांना आत बसवून बटण दाबलं.

घुर्र.

रविराज आबांकडे बघतच राहिले. मग बाहेर जाऊन पाहुण्यांना हाक मारली. उन्हं कलेपर्यंत खेळ चालला. पूनमबाईंच्या वेणीवर निळी गोळी फुटली, तेव्हा त्यांची माणसं इतकी हसली की कालव्यावरचे बगळे उठले. जाताना त्यांनी ताईंना विचारलं, दिवाळीनंतरच्या कुठल्या तारखा मोकळ्या आहेत.

गाडी गेल्यावर आबा मैदानात फिरून आले. संपलेले सोनेरी सेल कुणी कडब्यात, कुणी टायरमागे टाकले होते. आबांनी ते वेचून ओच्यात आणले आणि ह्यांचं काय करायचं, असं विचारलं. पुण्यात जुने सेल घेणारं एक दुकान आहे, तिथं द्यायचे, म्हणून ताईंनी एक डबा ठेवलेला. आबांनी एकेक सेल त्या डब्यात अलगद सोडला. मला वाईट वाटायला हवं होतं. ते बिचारे पुन्हा कधी फिरणार नव्हते. पण खरं सांगतो, आबांनी त्यांना इतक्या अलगद का सोडावं, आणि मला मात्र नखानं खरवडावं, हेच माझ्या मनात घोळत होतं.

मग आबा रविराजना म्हणाले, "बेणं वरच्या तुकड्यात न्ह्यायला सांग." आणि दारातून बाहेर पडता पडता सुनेला म्हणाले, "पुढच्या नवमीला ह्यांच्या अंगाला लाव गं कुंकू. डोस्क्याला नगं."

ताई पदर तोंडाला लावून हसल्या. नवरात्र बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांना मी हसताना पाहिलं.

त्यानंतर मी पुष्कळ हंगाम राबलो. आता माझ्यात पूर्वीइतकं मावत नाही. लोडरला माझा जोर पुरेना, म्हणून ताईंनी मला घड्याळात बसवलं. समोरच्या टेबलावर नवे हिरवे सेल चार्जरमध्ये बसतात, लाल दिवा लागतो, ताई त्यांच्याकडे बघून मान हलवतात. मी इथून बघतो आणि जळतो. काटा मात्र पुढे ढकलत राहतो, कारण ताईंच्या दिवाबत्तीची वेळ माझ्यावर आहे.

तुमच्या घरात माझ्या जातीचे कुणी असतील, तर त्यांना रिकामं पडू देऊ नका. वेळेवर भरा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. सोनेरी टोपीवाल्यांना आमच्यात मिसळू नका. आणि ते संपले की त्यांना मातीत फेकू नका. त्यांच्यासाठी शब्द टाकणं मला जड जातं. तरी टाकतो. त्यांचा जन्म एकदाच असतो.