माझ्या छातीतले उंदीर

माझ्या छातीच्या मधोमध एक खड्डा आहे. जन्मापासूनचा. लहानपणी आडवा पडून त्यात शेंगदाणे ठेवायचो आणि एकेक खायचो. अकरावीत जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा शेंगदाणे बंद झाले आणि परळच्या डॉक्टर सॅन्ड्रा सुरू झाल्या.

त्यांनी मला व्हॅक्यूम बेल दिली. म्हणजे सिलिकॉनची मोठी वाटी, तिला नळी, नळीला रबरी फुगा. वाटी छातीवर ठेवायची, फुगा दाबून आतली हवा काढायची, की आत गेलेलं हाड हळूहळू वर ओढलं जातं. मोरी तुंबल्यावर जे वापरतात, त्याचा हा शिकलेला भाऊ.

"गणपतीच्या आधी पुन्हा मोजू," डॉक्टर म्हणाल्या. "फरक नसेल तर ऑपरेशन. छातीत स्टीलची पट्टी बसवावी लागेल."

बाबा पांढरे पडले. बाबांचा लालबागला गणपतीचा कारखाना आहे. मोठ्या मूर्तींच्या पोटात ते स्वतः लोखंडी सळ्या घालतात, तेही शीळ घालत. पण माती ओरडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बाबांचा सेंटिमीटरवर विश्वास नाही. म्हणून दर संकष्टीला ते मला फळीवर आडवं करायचे, खड्ड्याला तेल लावायचे आणि त्यात शाडूची माती भरायचे. "झिला, हलू नको," म्हणत गोळा अलगद काढायचे. तो गोळा म्हणजे माझा खड्डा. कारखान्यात माती टाकत नाहीत, त्यामुळे त्याचा उंदीर व्हायचा. मूर्तींचे डोळे रंगवणारे कुशाबाकाका त्याला डोळे काढायचे. खड्डा कमी झाला की उंदीर लहान होणार, इतकं साधं शास्त्र.

पहिला उंदीर चांगला मोदकाएवढा झाला. दुसरा तेवढाच. तिसराही तेवढाच.

"सख्खी भावंडं दिसतायत," कुशाबाकाका म्हणाले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. संकष्टी होती म्हणा. पण चंद्र उगवल्यावरही जेवले नाहीत.

पुढच्या खेपेला बाबा हात पुसायला वळले, तेव्हा मी गोळ्यातली चिमूटभर माती काढून खिशात टाकली. उंदीर सुपारीएवढा झाला. चिमटीच्या मानाने तो जरा जास्तच लहान होता, पण मी खोलात गेलो नाही. बाबांनी सगळ्या कारखान्याला चहा पाजला. त्यानंतरचा उंदीर वाटाण्याएवढा. त्याचे डोळे काढायला काकांना भिंग लागलं.

"आनंदा, आता मुंगीच कर," ते बाबांना म्हणाले.

गणपतीच्या आधी बाबा मिठाईच्या खोक्यात सगळे उंदीर मांडून दवाखान्यात घेऊन गेले; मागोमाग आई आणि मी. डॉक्टरांनी उंदीर बघितले, मग मला बघितलं, मग पुन्हा शेवटचा उंदीर.

"या हिशेबाने मयूरची छाती पुढे यायला हवी होती."

बाबांनी खोका जरा स्वतःकडे ओढला.

"मी थोडी माती काढली होती," मी म्हणालो.

"तू पण?" आई म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "म्हणजे... मी पाटावर ठेवलेल्या गोळ्यातून घेतलेली. एवढीशीच. हे जेवत नव्हते हो."

डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. बाबा कोपऱ्यातल्या सांगाड्याच्या फासळ्या मोजत होते.

"आनंदराव?"

"पोरगा हिरमुसला असता, तर वाटी लावायची सोडली असती," बाबा सांगाड्याला म्हणाले. "शेपूट करता करता जरा जास्त गेली हाताला."

"आणि कुशाबाभावजींनी कान खरवडले," आई म्हणाली. "मी बघितलंय."

बाबांनी खोक्याचं झाकण लावलं. "म्हणजे खरं काहीच नाही. पट्टीच."

"आधी त्याला झोपू द्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मोजलं, मग परत मोजलं. "तीन सेंटिमीटर होता. आता अडीच."

बाबांच्या तोंडावरची माशी हलली नाही. शेवटी सेंटिमीटरच ते. त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडू काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही भरा. आमच्या घरात कोणाचा भरवसा नाही."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि आई-बाबांना दाराशी उभं केलं. तिथूनही बाबांचं चालूच. "कडेकडेने, डॉक्टर. अंगठ्याने नको, तळव्याने. हां. हळू, तिथे त्याला गुदगुल्या होतात."

गोळा निघाला. डॉक्टरांनी तो पहिल्या उंदराशेजारी ठेवला. लहान होता. फार नाही, पण कोणी हात न लावता लहान होता.

"पट्टी नको," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता तरी नको. बेल चालू ठेव, मयूर. रोज म्हणजे रोज."

आई मटकन पेशंटच्या स्टुलावर बसली. बाबांनी गोळा उचलला आणि तिथेच, डॉक्टरांच्या टेबलावर, उंदीर करायला घेतला. बाहेर पेशंट खोळंबले होते.

"हा मला द्याल?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी मान डोलावली, पिशवीतून आणखी मूठभर माती घेतली आणि उंदराला पोट लावायला लागले.

"अहो, हे काय आता?" आई म्हणाली.

"डॉक्टरांकडे राहायचाय," बाबा म्हणाले. "असा रोडका कसा पाठवू?"