ॲनिलीनमधली नीळ

अंबरनाथच्या महिपतीशास्त्र्यांची वेणू रसायनशास्त्राची पदवी घेऊन रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागली, तेव्हा गावाने ते फारसे मनावर घेतले नाही. पंचावन्न साल होते. तिच्या नखांत बसलेला रंग विलायती होता, आणि विलायती रंगाविषयी शास्त्र मौन होते.

घोटाळा केला तो शास्त्रीबुवांच्याच अभिमानाने. एका संध्याकाळी वेणूने सांगितले, “अप्पा, आमचे रंग ज्यापासून बनतात ते ॲनिलीन पहिल्यांदा निळीतून निघाले. पोर्तुगीज लोक निळीला ‘अनील’ म्हणतात. ते त्यांनी अरबांकडून उचलले, आणि अरबांकडे गेला तो आपला ‘नील’.” शास्त्रीबुवांचा ऊर भरून आला. देववाणीचा शब्द समुद्रापार नांदून लेकीच्या बाटलीवर परत आला होता. दुसऱ्या दिवशी शिवालयाच्या ओट्यावर त्यांनी ही कथा रंगवून सांगितली.

“म्हणजे मूळ निळीचे?” सुपारी कातरता कातरता बाळाजीपंत भिक्षुकांनी विचारले.

“निळीचेच,” शास्त्रीबुवा प्रसन्नपणे म्हणाले.

“नीळ तर स्मृतीने ब्राह्मणाला वर्ज्य केली आहे. परवा तुमच्या घरी वहिनींचे श्राद्ध. वेणूच्या हातचे आम्ही कसे जेवावे? तिला नोकरी सोडायला लावा. नाहीतर शब्द परकाच आहे, आपला भ्रम झाला, असे म्हणा. आम्ही मुकाट पानावर बसतो.”

घरी वेणूने ऐकून घेतले. “आता ते डांबरातून काढतात, अप्पा. निळीचे पानसुद्धा नसते त्यात.”

“पंतांना ते पुरणार नाही. नोकरी सोडशील?”

“नाही. तुम्ही नको म्हणत होतात, तेव्हा आईने मला शाळेत घातले. तिच्याच श्राद्धासाठी ते सोडू?”



श्राद्धाच्या दिवशी बाळाजीपंत सोबत्यासह उंबऱ्याबाहेरच थांबले. “काय ठरले?”

“शब्द निळीचाच आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “स्वयंपाक वेणूने केला आहे. उद्या ती कामावर जाईल.”

“वहिनी उपाशी राहतील, शास्त्रीबुवा.”

“लेकीच्या हातचे नाकारून? तुम्ही तिला ओळखलेच नाही, पंत. निघा आता, ऊन चढते आहे.”

ब्राह्मण न मिळाल्यास पाटावर दर्भ बसवण्याची मुभा शास्त्रानेच दिली आहे. शास्त्रीबुवांनी दर्भाच्या दोन जुड्या बांधल्या, पाटांवर ठेवल्या आणि दार सताड उघडे टाकले. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे म्हणून.

“वाढ,” ते लेकीला म्हणाले. “आधी खीर. तिला खीर आवडायची.”