‘येतो’ म्हणायचं राहिलं

घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे येडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. भरत मात्र त्या सकाळी आईवर चिडून ‘जातो’ म्हणाला आणि माळशेजच्या रस्त्यावर टेम्पोखाली गेला. आता एका शब्दानं कुणी मरतं का हो? पण चिमाबाईला ते कोण समजावणार! पोटचं पोर गेलेलं. तिनं तो शब्दच धरून ठेवला. जेवताना तोच, झोपताना तोच.

भरत दूध डेअऱ्यांची मशीन दुरुस्त करायचा. त्याची बहीण हर्षाली त्याच कंपनीच्या नारायणगावच्या ऑफिसात तक्रारींचा डेटाबेस सांभाळायची. एका रविवारी आईनं तिला पकडून म्हटलं, तुज्या हापिसाच्या कॉम्प्युटरमधी समदं साठतं म्हणतीस ना, मग त्या दिवशी त्यो कुठंतरी ‘येतो’ म्हणला व्हता का, तेवढं बघ.

असलं काही सापडेल, असं हर्षालीला वाटत नव्हतं. पण नाही कसं म्हणायचं? ओट्यावर लॅपटॉप उघडून तिनं शोधायची क्वेरी लिहिली: तक्रारींखाली त्या तारखेला आलेल्या कॉमेंट, लिहिणारा भरत, मजकुरात ‘येतो’. उत्तर आलं, शून्य ओळी. आईकडे बघायचं तिला धाडस होईना. मग एकदम आठवलं, भरतला मराठी अक्षरांत टाइप करायचा लई कंटाळा! तिनं तोच शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला.

एक ओळ आली. मढच्या सावळेरामभाऊंचा दुधाचा काटा बंद पडला होता. भरतनं त्यांना लिहिलं होतं, ‘निघालो भाऊ. येतो.’

चिमाबाईनं पदर तोंडाला लावला. हर्षालीला वाटलं, सुटली बिचारी एकदाची. ती लॅपटॉप मिटणार तोच आईनं विचारलं, त्यावर त्यांनी काय लिवलं?

हर्षालीनं फक्त भरतच्या कॉमेंट मागवल्या होत्या. मग तिनं त्याच तक्रारीवरचं सगळं काढलं, तशा खाली सावळेरामभाऊंच्या ओळी आल्या. ‘भाऊ, कुठवर आला?’ ‘चहा ठेवलाय.’ ‘भाऊ, दूध खोळंबलंय, वाट बघतोय.’ पुढं काहीच नाही. काटा नंतर दुसऱ्यानं जाऊन दुरुस्त केला, पण तक्रार तशीच उघडी राहिली होती.

चिमाबाईनं त्या ओळी पुन्हा एकदा वाचून घेतल्या.

“त्यांना उत्तर दे,” ती म्हणाली.

“त्यांना तेव्हाच कळलं गं, आई.”

“कळलं आसंल. पण वाट बघनाऱ्याला कुनी सांगाया नगं? लिव, न्हाई येत त्यो.”

भरत गेल्यापासून हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. हर्षालीनं आईच्याच शब्दांत तेवढं लिहिलं आणि तक्रार बंद केली. मग मायलेकी तिथंच ओट्यावर बसून पोटभर रडल्या.